रखमाजीच्या नावाचा नारळ

लोणावळ्यात पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. मुंबईहून हवा खायला येणाऱ्यांना हे सांगून पटत नाही, आणि पटवून तरी करायचंय काय? ते दोन दिवस राहणार, गारवा गारवा म्हणत नाचणार आणि गाडी धरून परत जाणार. सरुबाई मात्र लग्न होऊन बेडशाहून आली ती थेट रेल्वेच्या चाळीत, आणि तिथल्या ओल्या भिंतीशी तिचा सगळा संसार झाला. पश्चिमेची झड भिंतीवर बसायला लागली की आषाढात भिंत पाणी पिते, श्रावणात आतून पाझरते आणि भादव्यात तिच्यावर हिरवी बुरशी धरते. त्या ओलीनं सरुबाईची छाती धरली ती कायमची. चार पावलं भरभर टाकली तरी तिचा भाता सुरू व्हायचा.

म्हणून इथली जाणती माणसं वैशाख संपायच्या आत घराच्या पश्चिम अंगाला तट्ट्या बांधतात. कारवीच्या काठ्यांची चौकट करायची, तिच्यावर गवताचे पेंढे दाबून शिवायचे आणि वळचणीपासून जोत्यापर्यंत भिंत झाकून टाकायची. दिसायला घर म्हणजे गवताची गंजी, हे कबूल. पण झड गवतावरून ओघळून जाते आणि आतली भिंत कोरडी राहते. ही काही कुणा इंजिनिअरची अक्कल नव्हे. बापजाद्यांपासून चालत आलंय.

चाळीत रेल्वे तट्ट्या बांधू देत नसे. म्हणून तर रखमाजीनं, म्हणजे सरुबाईच्या नवऱ्यानं, घाटातल्या लाइनीवर मुकादमकी करता करता पोटाला चिमटा काढला आणि नोकरी संपल्यावर भुशीच्या वाटेवर नव्यानं झालेल्या भैरवनाथ हौसिंग सोसायटीत घर घेतलं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी. गृहप्रवेशाच्या दिवशी सरुबाईनं पश्चिमेच्या भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, "आता हिला मी भिजू द्यायची न्हाई."

आणि नाही भिजू दिली. पहिल्या पावसाळ्यात रखमाजीनं स्वतः तट्ट्या बांधल्या. त्या आषाढात सरुबाई कित्येक वर्षांनी पाठ टेकून, आडवी होऊन झोपली. नाहीतर तिची झोप म्हणजे भिंतीला टेकून बसल्या बसल्या. रखमाजी सकाळी उठून बघतो तर ही घोरतेय. त्याला इतका आनंद झाला की त्यानं तिला उठवलंच नाही, स्वतःच चहा केला आणि चुलीत धूर करून ठेवला तो ठेवलाच. उठल्यावर तिनं धुरावरून त्याला चार शब्द सुनावले, पण हसत हसत.

एवढंच मागणं होतं हो बाईचं. कोरडी भिंत आणि पाठ टेकून झोप. यापेक्षा कमी माणसानं काय मागावं?

सोसायटीत घरांच्या दोन ओळी होत्या. वरची ओळ टेकडीच्या आडोशाला, पश्चिमेला रुंद व्हरांडे असलेली. तिथं राहायला चार बड्या आसामी, आणि उन्हाळ्यात पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या खोल्या. खालची ओळ उघड्यावर, विटा मातीत रचून वरून चुन्याचा गिलावा केलेली. तिथं सारी रेल्वेची माणसं: लोकोशेडातला इब्राहिम लोहार, सिग्नलवरचा बजरंग आणि त्याची बायको कस्तुराबाई, असेच आणखी. कमिटी अर्थातच वरच्या ओळीची. चेअरमन विनायकराव. स्टेशनमास्तर म्हणून रिटायर झालेले, म्हणून सगळे त्यांना अजून मास्तरच म्हणत. तोंडातून कधी वाकडा शब्द नाही. समोरच्याला "बसा" म्हटल्याशिवाय स्वतः बसणार नाहीत. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, हीच तर पंचाईत होती.

पुढं एका साली शिमग्यात पोरांच्या होळीची ठिणगी उडाली आणि बजरंगच्या घरामागं रचलेल्या जुन्या तट्टीचा कोपरा जळला. घागरभर पाण्यात विझलाही. पण मास्तरांच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. कमिटीनं वैशाखातल्या वार्षिक सभेपुढं ठराव आणायचं ठरवलं: सोसायटीच्या हद्दीत यापुढं गवताच्या तट्ट्या बांधायच्या नाहीत. आगीचं भय आहे, आणि पाहुण्यांना ही वसाहत आहे की गोठा ते कळत नाही.

खालच्या ओळीत सगळे खवळले. रखमाजीच्या ओट्यावर माणसं जमली.

"मास्तरला काय, त्याचा व्हरांडा भिजतो, भिंत न्हाई," बजरंग म्हणाला.

"आपन माणसं जास्त हाय का ते जास्त?" इब्राहिमनं विचारलं. "हातच वर करायचेत ना? आबा, तुमी बोला. तुमी बोललात की आमी सगळे हात वर करतो."

रखमाजी ओळीतला सगळ्यांत वडीलधारा. त्याच्या हाताखाली निम्म्यांनी घाटात घण मारलेले. तो म्हणाला, "बोलतो की. त्यात काय!"

सभेच्या सकाळी सरुबाईनं त्याला धुतलेला सदरा दिला आणि दारात उभी राहून म्हणाली, "आवं, लय काय न्हाई सांगत. निस्तं तोंड उघडा. म्हना, भिंती पडतील, माणसं मरतील. बस."

"आगं व्हय," तो म्हणाला. "मी काय मुका हाय?"

सभा वरच्या ओळीपुढच्या मोकळ्या जागेत, आंब्याखाली भरली. सतरंजीवर सभासद, मागं झाडाच्या बुंध्याशी बायका उभ्या. सरुबाई कस्तुराबाईला धरून उभी होती. मास्तर उठले. आधी ठराव वाचतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्यांनी चौकीदाराला खूण केली, आणि तो तबक घेऊन आला. तबकात एक उपरणं आणि शेंडीचा नारळ.

"रखमाजीबुवा," मास्तर म्हणाले, "तुम्ही घाटात जन्मभर लाइन राखलीत. गाड्या सुखरूप गेल्या त्या तुमच्यामुळं. सोसायटीतला सगळ्यांत वडील माणूस म्हणून आज आम्ही तुमचा सत्कार करतो."

टाळ्या पडल्या. मागं सरुबाई कस्तुराबाईचा हात सोडून एक पाऊल पुढं आली.

आता हे मावळाबाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगावं लागतं. आमच्याकडं ज्याच्या हातचा मानाचा नारळ घेतला, त्याच्याविरुद्ध वर्षभर तोंड उघडायचं नाही. ज्यानं घेतला त्यानंही नाही, ज्यानं तो खाल्ला त्यानंही नाही. हे कुणी शिकवत नाही, पोरं बघून बघून शिकतात. म्हणूनच भांडणाच्या बैठकीत कुणी आधी नारळ काढत नाही. भांडण मिटलं की मग नारळ. मास्तर कोकणातले, मुंबईत वाढलेले. त्यांना हा रिवाज ठाऊक होता की नव्हता, हे सरुबाईला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

"घेऊ नका!" ती पुटपुटली. मग मोठ्यानं म्हणाली, "आवं, घेऊ नका!"

दोन-चार माना वळल्या. मास्तर हसून म्हणाले, "बाई, सभासदांनाच बोलता येतं. तुम्ही जरा शांत उभ्या राहा."

आणि रखमाजी? हा रखमाजी! जन्मभर ज्या माणसाला सलाम ठोकला तो माणूस उपरणं घेऊन पुढं उभा. सगळी सभा बघतेय. आजवर कुणी त्याचा सत्कार केला नव्हता, ना रेल्वेनं, ना गावानं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि नारळ घेतला.

मग ठराव वाचला गेला. मास्तरांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" सगळे रखमाजीकडं बघत राहिले. रखमाजी मांडीवरच्या नारळाकडं बघत राहिला. आबा बोलत नाहीत म्हटल्यावर इब्राहिमही बोलला नाही, बजरंगही नाही. "सर्वानुमते मंजूर," मास्तर म्हणाले, आणि सगळ्यांना पन्हं दिलं.

घरी आल्यावर सरुबाई त्याला काय काय बोलली ते सांगण्यात अर्थ नाही. तोंडाला येईल ते बोलली. शेवटी दम लागून खाली बसली. रखमाजी कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता.

"माज्या हातून झालं खरं," तो म्हणाला. "आता ते न्हाई म्हनता यायचं न्हाई."

"पुरं ते तुमचं न्हाई म्हनता यायचं न्हाई! माजी छाती धरली म्हंजे सांगा तिला, मानाचा नारळ घेतलाय म्हनून!"

नारळ तिनं फोडला नाही. चुलीमागच्या कोनाड्यात टाकून दिला. "मी ह्याचा कन खायची न्हाई," ती म्हणाली. "तुमी गप बसा. मला बोलायला मोकळी राहू द्या."

बजरंगनं जेठात दोन तट्ट्या उभ्या केल्या. चौकीदार आला, नमस्कार करून त्या सोडायला सांगून गेला, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या ओळीचा नळ कोरडा. नळाची चावी कमिटीकडं. मास्तर म्हणाले, पाइपाचं काम निघालंय. तट्ट्या उतरल्यावर काम झालं. मग कुणी परत हात लावला नाही.

आणि झड आली. आषाढात भिंतीनं पाणी प्यायला सुरुवात केली. गिलाव्यावर आधी काळे डाग, मग डाग एकमेकांत मिसळले, मग आतल्या अंगाला घाम फुटावा तसं पाणी. रखमाजीनं सरुबाईची बाज उचलून पूर्वेच्या भिंतीशी, चुलीजवळ, कोरड्यात नेली आणि स्वतःची घोंगडी पश्चिमेच्या भिंतीला लावली.

"तितं कशाला मरताय?" ती म्हणाली.

"माज्या तोंडानं गेलं. मीच झोपतो."

दोन खोल्यांत दुसरी कोरडी जागा नव्हती, हे तिलाही दिसत होतं. तिनं हट्ट केला, रागं भरली, एकदा त्याची घोंगडी ओढून आपल्याजवळ आणली. सकाळी बघते तो परत भिंतीला. रात्रभर त्या ओलीला पाठ लावून पडायचा. श्रावणात त्याला कणकण आली. बाजारपेठेतल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि म्हणाला, कोरड्यात ठेवा. कोरड्यात! सरुबाई डॉक्टरच्या तोंडाकडं बघत राहिली. उर्शाला दिलेली लेक नंदाबाई धावत आली, बापाला गाडीत घालून घेऊन जाते म्हणाली. पण पाऊस असा लागला होता की बैलगाडी सोडा, कावळाही बाहेर पडत नव्हता. गौरी यायच्या आधी रखमाजी गेला. जाताना म्हणाला, "सरू, तू बोल. तू न्हाई खाल्लास." बस, एवढंच.

दहाव्याला तिनं कोनाड्यातला तो नारळ इंद्रायणीत सोडला. तो आतून वाळून खुळखुळत होता.

मास्तर भेटायला आले. ओट्यावर बसले, डोळे पुसले. खोटं नव्हतं ते, खरंच पुसले. सोसायटीतलं घर त्यांनी आपण होऊन, एकही खेटा घालायला न लावता, सरुबाईच्या नावावर करून दिलं. जाताना भिंतीकडं बघून म्हणाले, "भिंत फुगलीय बाई. पडायच्या आत दुरुस्त करून घ्या. नाहीतर कमिटीला घर मोकळं करून घ्यावं लागेल. नियम आहे."

तर अशी सरुबाई सभासद झाली. आंब्याच्या बुंध्याशी उभी राहायची ती आता सतरंजीवर बसणार. खालच्या ओळीत रखमाजीच्या मरणानं सगळे हादरले होते. आणखीही घरांत खोकले लागले होते. इब्राहिमच्या धाकट्या लेकीला तर अजून ताप सोडत नव्हता. कार्तिकात गवत पिवळं पडलं तसे सगळे पुन्हा रखमाजीच्या ओट्यावर जमले. ओटा आता सरुबाईचा.

"येत्या वैशाखात बंदी उठवायचा ठराव मी मांडतो," इब्राहिम म्हणाला. "बजरंगनं दुजोरा द्यायचा. बाकीच्यांनी हात वर. आमी मोजलेत, आपन जास्त हाय."

"आन् नारळ?" सरुबाईनं विचारलं.

"कुनी घ्यायचा न्हाई!" बजरंग ओरडला. "कुनाला बी दिला तरी न्हाई घ्यायचा. आईची आन."

एकेकानं आण घेतली. इब्राहिमनं आपल्या लेकीची घेतली. सरुबाईला त्या दिवशी, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा, पोटभर भाकरी गेली. तिनं भुशीच्या वरच्या माळावरून गवत कापून आणवलं, कारवी आणवली आणि घरामागं रचून ठेवली. गंजी बघून तिला बरं वाटायचं. येता जाता ती गवतावर हात ठेवायची. नंदाबाई म्हणाली, "आई, उर्शाला चल, तितं कोरडं हाय." ती म्हणाली, "माजं घर हाय हितं. तुज्या बापानं घेतलेलं. यंदा बघ, पाठ टेकून झोपते का न्हाई."

वैशाख आला. आंब्याखाली सतरंजी पडली. सरुबाई पांढऱ्या पातळाचा पदर घट्ट ओढून पुढं बसली, बाप्यांच्या ओळीत. काही जण अवघडले, पण सरकून जागा दिली. मास्तर उठले. चौकीदाराला खूण केली. या खेपेला तबक आलं नाही. चौकीदारानं पाठीवरून पोतं आणून सतरंजीच्या कडेला टेकवलं.

"मंडळी," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापला, "गेल्या साली याच जागी आपण रखमाजीबुवांचा सत्कार केला. आज ते नाहीत. कमिटीनं ठरवलंय की त्यांच्या आठवणीसाठी यंदापासून सभेत प्रत्येक सभासदाला मानाचा नारळ द्यायचा. रखमाजीबुवांच्या नावाचा नारळ. या, इब्राहिम, आधी तुम्ही या."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

इब्राहिम उठला. बिचारा! त्यानं सरुबाईकडं बघितलं. मेलेल्या माणसाच्या नावाचा नारळ. तो घ्यायचा नाही म्हणजे रखमाजीला नको म्हणायचं, आबांना, ज्यांच्या हाताखाली तो घण धरायला शिकला. आणि घ्यायचा तर मास्तरच्या हातून घ्यायचा. सरुबाईनं मान हलवली, घेऊ नकोस म्हणून. त्यानं डोळे मिटले आणि हात पुढं केले.

इब्राहिमनं घेतला म्हटल्यावर बजरंगनं घेतला. बजरंगनं घेतल्यावर सगळ्यांनी. नारळ एकामागून एक मांड्यांवर गेले. आता मात्र सरुबाईला कळलं, की मास्तरला रिवाज ठाऊक आहे. पहिल्या वर्षी नसेलही. पण वर्षभरात एवढा हुशार माणूस न शिकता कसा राहील?

मास्तर तिच्यापुढं आले. हातात नारळ होता. तिच्या पांढऱ्या कपाळाकडं बघून थांबले.

"बाई, तुम्हांला..." ते म्हणाले. "रिवाज नाही. गैरसमज नसावा." आणि नारळ मागं घेऊन त्यांनी वाकून नमस्कार केला. रिवाज पाळायला मास्तर एकदम तयार!

मग ते म्हणाले, "इब्राहिम, तुम्ही काही मांडणार होतात असं ऐकलं."

"न्हाई साहेब," इब्राहिम म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला असेल तर असेल.

सरुबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, थांबत थांबत. "मी मांडते," ती म्हणाली. "मी सभासद हाय. मला नारळ दिला न्हाई. मी बोलनार."

"जरूर बोला," मास्तर म्हणाले.

"तट्ट्यांची बंदी उठवा. आमच्या भिंती..." तिला दम लागला. ती थांबली. "आमच्या भिंती मातीतल्या हायत. तुमच्याला व्हरांडं हायत. माजा नवरा त्या भिंतीला पाठ लावून मेला. तुमी त्याच्या नावानं नारळ वाटताय. नारळ नको, मास्तर. गवत बांधू द्या. निस्तं गवत. आग लागंल म्हनता, तर पावसात भिजलेलं गवत पेटतं का? हितं कुनाला तरी ठाव नसंल का ते? ह्या सगळ्यांना ठाव हाय. इचारा त्यांना." पुन्हा दम. "बस. एवडंच."

"ठीक," मास्तर म्हणाले. मनापासून ऐकल्यासारखी मान हलवली त्यांनी. "सभेपुढं ठराव आलाय. याला दुसऱ्या कुणीतरी सभासदानं दुजोरा द्यायला हवा. मग आपण हात मोजू. दुजोरा कोण देतं?"

सरुबाईनं वळून बघितलं. ही सगळी तिच्या ओट्यावर बसून चहा प्यालेली माणसं. रखमाजीला खांदा दिलेली. ज्याच्या त्याच्या मांडीवर नारळ. बजरंग नारळाची शेंडी बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

"बजरंगा," ती म्हणाली.

"मावशी," तो म्हणाला, आणि मान खाली घातली.

मास्तर बराच वेळ थांबले. घाई केली नाही, असं कुणी म्हणू नये. मग म्हणाले, "दुजोरा नाही, म्हणजे ठराव सभेपुढं आलाच नाही असं नियमानं समजावं लागतं. हात मोजायची गरज नाही. बसा बाई, तुम्हांला त्रास होतोय."

म्हणजे तिचा एक हातसुद्धा मोजला गेला नाही. पन्हं आलं. तिनं घेतलं नाही.

संध्याकाळी एकेक जण तिच्या ओट्याशी आला. कुणी वर चढलं नाही, खालीच उभे. इब्राहिम म्हणाला, "मावशी, आबांच्या नावाचा होता. मी न्हाई कसा म्हनू?" दुसरा म्हणाला, "आमची मनं तुमच्याच बाजूला होती." तिसऱ्यानंही तेच सांगितलं.

"व्हय का?" सरुबाई म्हणाली. "मग द्या की ती मनं. भिंतीला बांधते."

तेव्हा ते गेले.

दिवेलागणीला सगळ्या ओळीत खोबरं खवल्याचा, गूळ वितळल्याचा वास सुटला. वर्षात एकदा मिळालेला नारळ, पोराबाळांचं घर, कोण ठेवतंय फोडल्याशिवाय? कस्तुराबाई पदराखाली वाटी झाकून आली. गूळखोबऱ्याच्या दोन वड्या.

"न्हे ती," सरुबाई म्हणाली. "मला नको. न्हे म्हनते ना!"

कस्तुराबाई रडायला लागली. "मावशी, आबांच्या नावाचा हाय. आपल्या मानसाच्या नावाचं परत पाटवू नगा. टाकू तर कुटं टाकू मी?" आणि वाटी उंबऱ्यावर ठेवून निघून गेली.

सरुबाई उंबऱ्यात बसली. वाटीकडं बघत राहिली. मुंग्या लागायला लागल्या, त्या तिनं बोटानं झाडल्या. परत पाठवायची तर त्याच्या नावाचं परत जातं. कुत्र्याला घालायचं तर त्याच्या नावाचं कुत्र्याला जातं. तो होता तोवर ती भांडली, त्याला वाटेल ते बोलली, आणि त्यानं ओल्या भिंतीला पाठ लावून तिला कोरड्यात झोपवलं. त्याच्या नावाचा घास ती टाकणार होती? आत्ता कुठं तिला इब्राहिमचे मिटलेले डोळे कळले. आणि कळले म्हणून तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं वडीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. गोड होता. खाता खाता तिला हुंदका आला, हुंदक्यात दम लागला, तरी तिनं तो गिळला, आणि मग उरलेल्याही खाल्ल्या. सभेत बोलायला एकटी मोकळी उरली होती, ती आता मोकळी राहिली नाही.

सकाळी तिनं वाटी घासून कस्तुराबाईच्या ओट्यावर नेऊन ठेवली. घरामागची गवताची गंजी भुशीच्या गवळ्याला घेऊन जायला सांगितली. तो म्हणाला, मावशी, एवढं चांगलं गवत, तट्ट्या नाही बांधायच्या? तिनं एक पेंढा उचलून त्याच्या गाडीत टाकला. गाडी भरून गेल्यावर तिनं अंगण झाडलं, आत आली आणि चुलीजवळची आपली बाज ओढत ओढत पश्चिमेच्या फुगलेल्या भिंतीशी, त्याच्या जागेवर नेऊन लावली.